बेडा म्हटलं की हात वर

अक्कांचं नाव मला माहीत आहे, पण ते मी इथं लिहिणार नाही. त्यात गुपित काही नाही. उलट त्यांचीच सक्ती होती, की मला नावानं हाक मारा. "तिकडे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. डॉक्टरला नावानं, मेट्रनला नावानं. आत्तापासून सवय करा." आता आईच्या वयाच्या, त्यातून शिकवणाऱ्या बाईला निपाणीकडची मुलगी नावानं हाक कशी मारणार? जीभ उचलत नाही. मॅडम म्हटलं तर त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या. मग पहिले काही दिवस मी त्यांना काहीच म्हणत नव्हते. काम पडलं की समोर जाऊन खोकायची. शेवटी त्याच वैतागल्या. "सरी, ठीक आहे, अक्का म्हण. पण खोकू नको. तिकडे खोकणाऱ्या नर्सला घरी पाठवतात."

तिकडे म्हणजे इंग्लंडला. तिथल्या एका लहानशा गावात, इस्पितळाच्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात अक्कांनी नऊ वर्षं नोकरी केली होती. नवऱ्याचं बेंगळुरूच्या चिकपेटमध्ये साड्यांचं दुकान होतं, तो काही गादी सोडून हलणारा नव्हता, म्हणून एकट्याच गेल्या. त्याला पक्षाघात झाला तेव्हा नोकरी सोडून परत आल्या, आणि येताना इंग्लंड सोबत घेऊन आल्या. जे. पी. नगरातल्या घराच्या गॅरेजमधली मोटार विकून तिथं त्यांनी इस्पितळातली वर-खाली होणारी खाट टाकली, हिरवा पडदा लावला, कोपऱ्यात बेसिन बसवलं, आणि परदेशी जाणाऱ्या नर्सेसना शिकवायला सुरुवात केली. बाहेर पाटी नव्हती. गॅरेजच्या शटरला तुळशीची कुंडी टेकवलेली असायची, ती सरकवून आत शिरायचं.

तिकडे पोचल्यावर नर्सची एक प्रात्यक्षिक परीक्षा होते. तिच्यात तुम्ही जे कराल ते तोंडानं बोलून दाखवावं लागतं. हात धुतले आणि बोलला नाहीत, तर परीक्षकाच्या लेखी तुमचे हात घाणच. अक्कांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांचा अख्खा संसार बोलून चालायचा. "मी आता कॉफी गाळते आहे. मी आता दूध तापलं का ते बघते आहे. दूध तापलेलं नाही." आपण बाहेरच्या खोलीत बसलेले असलो तरी स्वयंपाकघरातली बित्तंबातमी कळत राहायची. देवपूजेला बसल्या की "मी आता तुम्हाला गंध लावणार आहे, चालेल का?" असं एकेका देवाला विचारून घ्यायच्या. देवांनी कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

विचारणं हे तर त्यांचं व्यसनच होतं. तिकडे म्हणे परवानगी घेतल्याशिवाय कुणी कुणाला हात लावत नाही. भाजीवालीला विचारून टोमॅटो दाबायच्या. दारात आलेल्या शेजारणीच्या बाळाला "मी तुला उचलून घेऊ का?" असं विचारून उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या, आणि बाळ रडलं की "नाही म्हणतोय तो" असं म्हणून मागे व्हायच्या. एकदा आम्ही दोघी ऑटोनं जाणार होतो, तर ऑटो थांबवून ह्या ड्रायव्हरला विचारतात, "मी तुमच्या गाडीत बसले तर चालेल का?" त्या बिचाऱ्याला वाटलं, बाई भाडं पाडून मागायची प्रस्तावना करतायत. "बन्नी अम्मा, कूतकोळ्ळी," म्हणाला, बसा म्हणून, आणि वाटभर आरशातून आमच्याकडे संशयानं बघत राहिला.

आता माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर सगळं खापर अक्कांवर फुटेल. मी बी. एस्सी. नर्सिंग झालेली, बेंगळुरूच्या एका चकाचक इस्पितळात चांगली मुरलेली. आमच्या इस्पितळात पेशंटला नर्स दिसायची ती सलाइन लावताना, नाहीतर कॉम्प्युटरवर टाइप करताना पाठमोरी. पेशंटचं तोंड पुसणं, अंघोळ, भांडं देणं ही कामं आयांची. आया सापडली नाही तर नातेवाइकांची. नातेवाईकही सापडले नाहीत तर पेशंटनं जरा वेळ थांबायचं. मोठे डॉक्टर राउंडला आले की आम्ही ताठ उभ्या, आणि "येस सर" याखेरीज दुसरं वाक्य आम्हाला येत असल्याचा कुणाला पुरावा मिळाला नसेल. पहिल्याच दिवशी मी अक्कांना ऐटीत सांगितलं, "मी आय. सी. यू. केलंय. अंघोळी वगैरे मी घालत नाही, त्याला आया असतात."

"तिकडे आया नाही," अक्का म्हणाल्या. "तिकडे तूच आया."

आणि त्यांनी हिरवा पडदा सरकवला. आत खाटेवर अण्णा बसले होते.

अण्णा म्हणजे अक्कांचे यजमान. गोरेपान, भरघोस मिशांचे, दुकानात बसून बसून गादीसारखेच ऐसपैस झालेले. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. अगदी सगळी नाही, दोन शब्द उरले होते, तेही कन्नड. एक 'सरी', म्हणजे ठीक आहे, आणि दुसरा 'बेडा', म्हणजे नको. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेलं मराठी घर, पण जिभेवर शेवटी राहिलं ते दुकानातलं कन्नड. अक्कांचं म्हणणं, ह्यात नवल काही नाही. "जन्मभर गिऱ्हाइकाला ही दोनच उत्तरं दिली त्यांनी. त्यानं भाव सांगायचा, ह्यांनी सरी म्हणायचं नाहीतर बेडा. तिसरं बोलायला तोंड उघडलंच नाही. घरी तर ही दोनसुद्धा नाही."

तर ह्या आपल्या नवऱ्यावर अक्का आम्हाला शिकवायच्या. बाहुलीवर नाही, उशीवर नाही, जितेजागते अण्णा. रोज सकाळी एका मुलीनं त्यांना खाटेवरच अंघोळ घालायची. आधी स्वतःचं नाव सांगायचं. मग काय करणार ते सांगायचं. मग विचारायचं. अण्णा सरी म्हणाले तर पुढं जायचं, तेही जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा ठेवून, बाकी अंगावर टॉवेल. आणि बेडा म्हणाले तर दोन्ही हात वर करून एक पाऊल मागे. "बेडा म्हटलं की हात वर," हा त्या गॅरेजातला पहिला आणि शेवटचा कायदा. का नको, स्वल्प तरी करू द्या, लवकर आटपते, असलं काही म्हणायचं नाही. पोलिसानं पकडल्यासारखे हात वर करून गप बाहेर यायचं.

ह्या प्रकारानं नात्यागोत्यात केवढा गहजब झाला असेल, ते सांगायला नको. अण्णांची धाकटी बहीण येलहंक्याला राहायची. दर रविवारी ती अख्खं बेंगळुरू ओलांडून यायची, ते बहुधा हा गहजब करायलाच. "अय्यो, काय गं वहिनी हे! परक्या पोरींकडून नवऱ्याला न्हाऊ घालतेस? लोक काय म्हणतात माहीत आहे का?"

"लोकांना अंघोळ घालायला बोलव," अक्का शांतपणे म्हणायच्या. "मी आता तुझ्यासाठी कॉफी करते आहे. चालेल का?"

आम्ही मुली बाहेर येऊन पोट धरून हसायचो. खोलीवर गेल्यावर मी अक्कांची नक्कल करायची. "मी आता पंखा लावते आहे. पंख्या, चालेल का?" माझ्यासोबत शिकायला येणारी केरळची मुलगी हसून हसून लोळायची. तिला हसायला काय जात होतं? तिला अण्णा पहिल्याच दिवशी सरी म्हणाले होते. तिनं घरी आजोबांचं सगळं केलं होतं, हात सरावलेले होते. मला मात्र अण्णा एकच शब्द ऐकवायचे. मी पडद्याआड जायची, नाव सांगायची, विचारायची, आणि अण्णा छताकडे बघत म्हणायचे, "बेडा." हात वर, एक पाऊल मागे. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यात तेच.

ह्यात हसण्यासारखं काही राहिलं नाही, कारण आम्हाला पाठवणारा एजंट अक्कांच्या शब्दाशिवाय कुणाचं तिकीट काढत नसे. पूर्वी त्यानं पाठवलेल्या दोघीजणी "आम्ही असली कामं करायला शिकलो नाही" म्हणून रडत परत आल्या होत्या, तेव्हापासून तो शहाणा झाला होता. अक्का 'तयार आहे' म्हणाल्या की तारीख पक्की. आणि अक्का म्हणायच्या, अण्णा जोवर हात लावू देत नाहीत तोवर तू तयार नाहीस. इकडे मी इस्पितळातली नोकरी सोडून बसलेली. निपाणीत आईनं गल्लीभर सांगून टाकलेलं, थंडीचा कोट शिवून कपाटात टांगलेला. माझं सगळं इंग्लंड चिकपेटच्या एका म्हाताऱ्याच्या जिभेवर अडकलं होतं.

मी अण्णांना लाच द्यायचाही प्रयत्न केला. त्यांना मैसूरपाक आवडतो असं कळलं, म्हणून घेऊन गेले. अण्णांनी डाव्या हातानं एक तुकडा घेतला, दुसरा घेतला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बेडा." दुकानदार शेवटी दुकानदारच.

"माझं चुकतं कुठं?" मी अक्कांना विचारलं. रडू यायच्या बेतात होतं.

"तुझा प्रश्न तोंडात असतो आणि हात सदऱ्याच्या बटणावर असतो," अक्का म्हणाल्या. "तू विचारत नाहीस. कळवतेस."

मला त्यांचा असा राग आला. असली वाक्यं ऐकायला बरी वाटतात, पण ज्याचं तिकीट अडलं आहे त्याला ती सुईसारखी टोचतात.

मग पाडवा आला. सणाची सकाळ, येलहंक्याच्या आत्याबाई हजर, स्वयंपाकघरात होळिगेचं, म्हणजे पुरणपोळीचं, पुरण शिजतंय, अक्कांचं चालू, "मी आता पुरण घोटते आहे." अण्णांना तेल लावून न्हाऊ घालायचं होतं. मी नियमाप्रमाणे विचारून आले, नियमाप्रमाणे बेडा घेऊन बाहेर आले, आणि पडद्यापाशी हात वर करून उभी राहिले. अक्कांना घाई होती. त्या टॉवेल खांद्यावर टाकून आत शिरल्या. "चला, उठा. हात वर करा, हात," असं म्हणत अण्णांचा सदरा त्यांनी डोक्यावरून ओढायला घेतलासुद्धा. तो निम्मा अण्णांच्या मिशांत अडकला होता.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत अक्कांना अण्णांना काही विचारताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. देवाला विचारतात, टोमॅटोला विचारतात, ऑटोवाल्याला विचारतात. क्लास संपला की अण्णांची दाढी, जेवण, कपडे, सगळं त्या स्वतः करायच्या, हात तरबेज, क्षणाचा खोळंबा नाही. पण तोंडानं फक्त "चला", "उठा", "आ करा".

माझ्या डोक्यात राग होताच. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही त्यांना विचारत नाही?"

"मी बायको आहे," अक्का म्हणाल्या.

"तिकडे बायकोनं विचारायचं नसतं का?"

उत्तर आत्याबाईंनी दिलं. त्यांना तर आयतीच संधी. "विचारते कसली! इंग्लंडला निघाली तेव्हा कुठं विचारलं होतं? तिकीट आणून दाखवलं. विचारलं असतं तर तेव्हाच बेडा म्हणाला असता तो."

स्वयंपाकघरात पुरण लागल्याचा वास यायला लागला, तरी कुणी हललं नाही. अक्कांनी अण्णांचा सदरा नीट खाली केला. टॉवेल खाटेच्या कडेला ठेवला. बेसिनपाशी जाऊन हात धुतले, आणि मी पहिल्यांदाच त्यांना न बोलता हात धुताना पाहिलं. मग त्या अण्णांच्या समोर, त्यांना नीट दिसेल अशा उभ्या राहिल्या. दोन्ही हात स्वतःच्या पदरात, बटणापासून चांगले लांब. परीक्षेला उभ्या राहिलेल्या मुलीसारखं आधी स्वतःचं नाव सांगितलं. नवऱ्याला. आणि विचारलं, "मी तुम्हाला अंघोळ घातली तर चालेल का?"

अण्णांनी छताकडे बघितलं नाही. बायकोकडे बघितलं, चांगलं निरखून, एखाद्या गिऱ्हाइकाचा अंदाज घ्यावा तसं. आणि म्हणाले, "बेडा."

मला वाटलं, अक्का हसून सोडून देतील. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि एक पाऊल मागे सरकल्या.

"अय्यो, सणाची अंघोळ नको म्हणतो!" आत्याबाई पुढं सरसावल्या. "हो बाजूला, मी घालते."

"बेडा म्हणाले ना ते," अक्का म्हणाल्या. आवाज असा होता, की आत्याबाई जिथल्या तिथं थांबल्या.

त्या पाडव्याला अण्णांनी बिनअंघोळीचं होळिगे खाल्लं. दोन खाल्ली, वर तूप घेऊन. घरात मात्र चिडीचूप. कॉफी झाली ती कुणाला कळलीच नाही, एकदम समोर आली. मी बाण तर मारला होता, बरोबर लागलाही होता, पण आनंद काही होईना. अक्कांचं ते रात्रंदिवस चाललेलं निवेदन बंद पडल्यावर ते घर मला कुणा परक्याचं वाटायला लागलं, आणि मी केलं हे वाईट केलं, असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी परत विचारलं. बेडा. तिसऱ्या दिवशीही बेडा. त्या नुसतं "सरी" म्हणून बाहेर यायच्या. केरळची मुलगी गावी गेली होती. अण्णांच्या अंगाला वास यायला लागला होता, आणि त्याचंही त्यांना काही वाटत नव्हतं. उलट चेहऱ्यावर दुकान भरभराटीला असल्यासारखं तेज आलं होतं. मग एका सकाळी मी आत गेले. आता तिकीट माझ्या मनातून गेलंच होतं. खाटेशेजारच्या स्टुलावर बसले, हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "अण्णा, मी अंघोळ घालू का? नसेल घालायची तर बसते जरा वेळ."

अण्णा म्हणाले, "सरी."

माझ्या हाताला गुण आला, असं मी पुढं किती दिवस समजत होते. खरं कारण अगदी साधं असणार. म्हाताऱ्याला खाज सुटली होती, आणि बायकोला हरवायचं तर अंघोळ दुसऱ्या कुणाकडून तरी घालून घेणं भाग होतं. ते काही असो, मी त्यांना आयुष्यातली माझी पहिली अंघोळ घातली. अक्का पडद्याबाहेर उभ्या होत्या. त्यांनी एकदाही आत डोकावून पाहिलं नाही. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "एजंटला फोन करते. तू तयार आहेस."

मी तिकडे गेले. वॉर्ड म्हाताऱ्यांचाच मिळाला. पहिल्या सकाळी मी अक्कांच्या शिकवणीप्रमाणे एका म्हाताऱ्यासमोर उभी राहिले, नाव सांगितलं, विचारलं. तो "नो" म्हणाला. मी हात वर करून मागे झाले. शेजारच्या खाटेपाशी असलेली गोरी सिस्टर माझ्याकडे बघतच राहिली. "तो सगळ्याला नो म्हणतो गं राणी," ती म्हणाली. "अजून अर्धा वॉर्ड धुवायचाय." आणि तिनं माझ्यासमोर करून दाखवलं. "ऑलराइट, डार्लिंग?" असं गोड विचारलं, आणि उत्तर यायच्या आत चादर बाजूला. प्रश्न तोंडात, हात चादरीवर. परीक्षेत बोलून दाखवायचं ते परीक्षेपुरतं. वॉर्डात सगळ्या बिचाऱ्या पळत असतात, आणि काही आठवड्यांत मीही पळायला लागले. म्हातारे "नो" म्हणायचे, आम्ही "ऑलमोस्ट डन, डार्लिंग" म्हणायचो. डॉक्टरला मात्र मी नावानं हाक मारायला शिकले. तेवढं एक अक्कांनी सांगितलेलं खरं निघालं.

मला फसवल्यासारखं वाटलं. एका रविवारी फोन करून मी तोफच डागली. "अक्का, तुम्ही सांगत होतात तसं इथं काही नाही. इथं कुणी थांबत नाही उत्तरासाठी."

"माहीत आहे," अक्का म्हणाल्या.

"माहीत आहे म्हणजे?"

"नऊ वर्षं होते की मी तिथं."

"मग आम्हाला कशाला शिकवलंत?"

मग म्हणाल्या, "मला तिथं जमलं नाही. तुला जमलं तर बघ."

त्यांचं 'तिकडे' मला तिकडे कुठं सापडलं नाही. ते सगळं जे. पी. नगरच्या त्या गॅरेजातच होतं, हिरव्या पडद्याच्या आत, आणि तिथंसुद्धा त्याची एकुलती एक रहिवासी अक्का. पण त्या फोननंतर मी पहिल्या खाटेपुरतं तरी थांबायला लागले. बाकीच्यांना वेळ नसतो. त्यावरून बोलणी खाते.

परवा सुट्टीवर आले तेव्हा अक्कांकडे गेले. तुळशीची कुंडी सरकवून आत शिरले. अक्का पडद्यातून बाहेर येत होत्या, हातात कोरडा टॉवेल.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बेडा."

"अजून? इतक्या दिवसांनी?"

"आता तुम्हा मुलींनासुद्धा हात लावू देत नाहीत. मीच विचारायचं. पहिल्यांदा विचारलं की बेडाच म्हणतात," अक्का म्हणाल्या. तक्रार मुळीच नव्हती, उलट वाण्याकडचा ठरलेला भाव सांगावा तसं सांगत होत्या. "मग मी कॉफी करते. मग परत विचारते. चाळीस वर्षांचं तुंबलंय ते, एका बेडानं कसं भागेल?"

तेवढ्यात आतून अण्णांचा आवाज आला, मोठ्यानं, "बेडा." कुणी काही विचारलेलंच नव्हतं.

"बोलावतायत," अक्का म्हणाल्या. त्यांनी कॉफी राहू दिली, बेसिनपाशी जाऊन हात धुतले आणि आत गेल्या. मी बाहेर थांबले. त्यांनी आपलं नाव सांगितलं, काय करणार ते सांगितलं, विचारलं. मग अण्णांचं उत्तर आलं, मला नीट ऐकू न येईल इतकं हळू. मी सवयीनं खोकणार होते, पण थांबले. आणि पडद्यामागून पाण्याचा आवाज आला, त्यावर अक्कांचा, अगदी पूर्वीसारखा, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल इतका खणखणीत.

"मी आता तुमचा उजवा हात उचलते आहे."